भाताशिवायचे तीन महिने

सव्विसाव्या वर्षी मी धानाच्या पोत्यापेक्षा जड होतो आणि ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. कारण माझं वजन चारचौघांदेखत झालं होतं, तेही राइस मिलच्या काट्यावर. आमचं धान कांडायला नेलं होतं. काट्यावरून पोतं उतरवल्यावर मिलवाला म्हणाला, "आता साहेबाले चढवा." मीही हसत हसत चढलो. पोतं पंचाहत्तर किलोचं भरलं होतं, मी ब्याण्णव भरलो. बाजूला बिडी ओढत बसलेल्या हमालाने मला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि म्हणाला, "याले उचलाले दोघं लागतीन." घरी येऊन हे मायला सांगितलं, तर तिने आधी मीठमोहरीने माझी दृष्ट काढली. मिलवाल्याची नजर चांगली नाही, असं तिचं पहिल्यापासूनच मत होतं.

ही ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मोहाडीकडच्या एका खेड्यात आमचं कवेलूचं, म्हणजे लाल कौलांचं घर होतं, घरामागे तलाव, तलावाखाली आमची चार एकर धानाची बांधी. घरात तिघंच: माय, मी आणि माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान बहीण. बाप मी दहा वर्षांचा असतानाच गेला होता. चांगला धडधाकट माणूस, दोन भारे एकदम डोक्यावर घेणारा, वर्षभरात वाळून काडी झाला. सारखी तहान लागे म्हणून पाण्याचा गडवा जवळ घेऊनच बसे. मग पायात काटा मोडला, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. कुणी क्षय म्हणालं, कुणी करणी म्हणालं. मायने मात्र त्यातून एकच धडा घेतला: माणूस वाळला की गेला.

तेव्हापासून तिने मला वाळू दिलं नाही. सकाळी रात्रीचा भात ताक घालून, दुपारी भात, संध्याकाळी भात. आमच्याकडे भाकर म्हणजे पाहुणी. ती आली तर आली, नाही आली तरी कुणी वाट पाहत नाही. भाताचा ढीग असा पडे की पलीकडे बसलेली बहीण दिसत नसे. "बस झालं" म्हटलं की माय म्हणे, "होय, बस झालं," आणि वाढतच राही. तरी शाळा-कॉलेजात असेपर्यंत हे सगळं जिरत होतं, कारण सायकल होती आणि सुट्टीत बांधीतलं काम होतं. मग मला तालुक्याच्या गावी एका कचेरीत कारकुनाची जागा मिळाली, तात्पुरती. सायकल गेली, मोपेड आली. दिवसभर खुर्ची, दर दोन तासांनी चहा आणि चहाबरोबर आलूबोंडा. चार वर्षांत माझा पट्टा चार भोकं पुढे सरकला आणि नंतर भोकं संपली.

याची लाज वगैरे कुणाला वाटत नव्हती. मला तर मुळीच नाही. पोट म्हणजे नोकरी, पोट म्हणजे घरात धान आहे. पवनीकडे आसगावला माझ्यासाठी मुलगी पाहिली होती, तिचे वडील मला पाहून आनंदले होते. "पोरगा भरलेला हाय," ते मायला म्हणाले होते, आणि माय महिनाभर ते वाक्य ज्याला त्याला सांगत होती. फक्त मला कायम करण्याचा कागद यायचा होता. तो आला की लग्न.

कायम होण्यासाठी भंडाऱ्याला जाऊन डॉक्टरी तपासणी करून घ्यायची होती. दिवाळी नुकतीच झाली होती, अनारसे अजून पोटात होते. डॉक्टर वयस्क होते, बारीक आणि तिरकस. त्यांनी माझं वय विचारलं. मी सव्वीस म्हणालो.

"ते तुमचं झालं," ते म्हणाले. "पोटाचं चाळीस दिसतं."

मग त्यांनी लघवी तपासली. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात थेंब टाकायचे आणि दिव्यावर तापवायचं. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी आणि शेवटी विटेसारखं लाल. मला ते बघायला मजा वाटत होती. डॉक्टरांना वाटत नव्हती. त्यांनी नळी ठेवली आणि विचारलं, "वडील कसे गेले?"

मी सांगितलं. तहान, वाळणं, पायाची जखम.

"लघवीच्या जागी मुंग्या यायच्या?"

यायच्या. घरामागच्या भिंतीशी मुंग्यांची रांगच असायची. मी लहानपणी तिथे काडीने खेळत असे. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं?

"आजारपणात खायला काय देत होते?"

"तांदळाची खीर," मी म्हणालो. "गूळ घालून. माय दिवसातून दोनदा करायची."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. बापाला काय झालं होतं आणि त्या खिरीने काय केलं, ते मला तेव्हा कळलं.

कागदावर त्यांनी 'तूर्त अपात्र, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी' असं लिहिलं. मग समजावून सांगितलं. वय कमी आहे, चरबी उतरवली तर साखर उतरेल. भात मुठीएवढा, गूळ-साखर बंद, तळलेलं बंद, भाजी भरपूर आणि रोज दोन तास पायी चालणं. तीन महिन्यांनी नळी पुन्हा लाल झाली तर नोकरी तर जाईलच. "आणि नोकरीचं सोडा," ते म्हणाले, "वडिलांचा रस्ता तुम्हाला माहीत आहे."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून एकच विचार करत होतो. मायला काय सांगायचं? साखरेचा आजार म्हटलं तर ती विचारणार, म्हणजे काय होतं? आणि मी सांगितलं की तहान लागते, माणूस वाळतो, जखम भरत नाही, की ती त्याच क्षणी बापापाशी पोचणार. बापापाशी पोचली की खिरीपाशी पोचणार. सोळा वर्षं जी बाई मी नवऱ्यासाठी होतं ते सगळं केलं या एका समाधानावर उभी होती, तिला मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? उतरेपर्यंत माझं ठरलं. सांगायचं नाही.

"वजन जास्त झालं म्हणून कागद अडला," मी घरी म्हणालो. "डॉक्टरनं तीन महिने भात सोडाले सांगितलं."

मायने मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. वजनामुळे नोकरी अडते, हे तिच्या बुद्धीला पटणारं नव्हतं. "खाऊन राहिला म्हणून काढतेत? अन् उपाशी राहिला असता तं ठेवलं असतं?" पण नोकरीचा आणि लग्नाचा प्रश्न होता, म्हणून ती उठली. भात नाही म्हणजे काय? आमच्या भागात ज्या जेवणात भात नाही त्याला जेवण म्हणत नाहीत, उपास म्हणतात. तिने तेच केलं. माझ्या नावाने तीन महिन्यांचा उपास धरला.

उपासाला काय चालतं ते तिला तोंडपाठ होतं. बाजारच्या दिवशी ती तलावातले ताजे शिंगाडे टोपलीभर घेऊन आली. सकाळी उकडलेले शिंगाडे, दुपारी शेंगदाण्याचा कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची उसळ, वर बटाट्याची भाजी, संध्याकाळी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा आणि दोन केळी. भाताचं एक शीत माझ्या ताटाला लागू नये म्हणून तिने माझी भांडी वेगळी काढली. शेजारणींना कळलं की पोराने तीन महिन्यांचा कडक उपास धरलाय, तशा त्याही पुण्याला धावल्या. कुणी रताळी पाठवली, कुणी राजगिऱ्याचे लाडू. एक म्हातारी तर माझ्यापुढे हात जोडून गेली. इतकी भक्ती माझ्या वाट्याला पुन्हा कधी आली नाही.

आता खोटं कशाला बोलू? मला शिंगाड्याचा शिरा भातापेक्षा जास्त आवडायचा. डॉक्टरांनी गूळ-साखर, तूप-तेल सगळं बंद सांगितलं होतं, ते मी मायला सांगितलंच नव्हतं. एक सांगितलं असतं तर बाकीचं सांगावं लागलं असतं. असं मी मनाशी म्हणे आणि आणखी एक घास घेई. आईचं मन जपण्याच्या नावाखाली मी जीभ जपत होतो. हे मला तेव्हाही कळत होतं.

चालणं तेवढं मी इमानाने सुरू केलं. रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून पलीकडच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. पण गावात कारणाशिवाय चालणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "कोठी चालले बाबू?"

"कोठीच नाही."

"मंग काहून चालून राहिले?"

दुसऱ्या दिवशी चौघांनी विचारलं. कुणी मायला विचारलं की पोराचं घरात भांडण झालं का. तिसऱ्या दिवशी मी युक्ती केली, हातात दावं घेतलं. दावं हातात असलं की माणूस हरवलेलं ढोर शोधायला निघालाय, एवढं गावाला समजतं आणि कुणी अडवत नाही. तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी गावातले दोघं स्वतःहून शोधायला निघाले आणि संध्याकाळी एक पांढरा गोऱ्हा आमच्या अंगणात आणून बांधला. आमचा नाही म्हणावं तर दाव्याचा हिशोब द्यावा लागणार. तो गोऱ्हा दोन दिवस आमची तणीस खात राहिला. मग पलीकडच्या गावचा खरा मालक आला आणि मला चोर म्हणून घेऊन गेला असता, पण माझा आकार पाहून म्हणाला, "याच्यानं चोरी होत नाही," आणि आपला गोऱ्हा घेऊन गेला.

महिना झाला तसा मी भंडाऱ्याहून ते निळं औषध, नळी, चिमटा आणि स्पिरिटचा दिवा आणला. औषधाच्या दुकानातून एक छापील कागदही मिळाला. बहीण तेव्हा अकरावी सायन्सला होती. कॉलेजात चाळीस पोरांत एक नळी, तिच्या हाताला ती कधी लागत नसे. घरात प्रयोगशाळा आलेली पाहून तिला हर्ष झाला. मायला मी पोटाची तपासणी आहे असं सांगितलं.

रविवारी दुपारी तिने सपरीत, म्हणजे ओसरीवर, सगळं मांडलं. माय बाजूला सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. बहिणीने थेंब मोजून टाकले, नळी चिमट्यात धरून दिव्यावर हलवू लागली. मी मनात म्हणत होतो, हिरव्यावर थांब, निदान पिवळ्यावर थांब. ते थांबलं नाही. डॉक्टरांकडे झालं होतं त्याहून लाल झालं.

"दादा, हे तं कवेलूवानी झालं," बहीण म्हणाली. "म्हंजे साखर लय हाय."

"साखर कोठून आली?" मायने मान वर न करता विचारलं. "उपासात साखर तं मी मोजून टाकतो."

माझ्या बहिणीला बापाचं काहीच आठवत नव्हतं. तो गेला तेव्हा ती रांगत होती. तिने दुकानातला कागद उचलला आणि शाळेत धडा वाचावा तशी वाचू लागली. या रोगात साखर लघवीवाटे वाहून जाते. सारखी तहान लागते. खाऊनही माणूस वाळत जातो. पायाची जखम भरत नाही. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो, पण तिचं लक्ष कागदात.

सुपातला आवाज बंद झाला.

"मुंग्या येतेत का?" मायने विचारलं.

"येतात म्हणे. लिवलं हाय इथं."

मायने सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी त्याले खीर देत होती. तो नोको म्हणे. मी म्हणो, खा, वाळून राहिला तू."

"माय, तवा कोणाले माहीत होतं?" मी म्हणालो. "वैद्यालेही माहीत नव्हतं."

"तुले कधी समजलं?"

"महिना झाला."

"अन् महिनाभर तू शिरा खाऊन राहिला."

"तुले कसं सांगू ते मले समजे ना."

तिने सूप उचललं आणि माझ्या पाठीत घातलं. लाखोळी साऱ्या सपरीभर उडाली. दहावीनंतर मला मार पडला नव्हता, तो त्या दिवशी पडला, एक नव्हे, चार-पाच. "त्याले माहीत नव्हतं," ती प्रत्येक फटक्याला म्हणत होती, "तुले माहीत होतं." मग ती थांबली, पदर तोंडाला लावला आणि रडली. मीही रडलो. मला मायचं फार वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटत होतं. बहीण एका हातात लाल नळी आणि दुसऱ्या हातात तो कागद घेऊन आमच्याकडे बघत उभी होती. तिला सगळं नीट सांगायला आम्हाला संध्याकाळ लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारणींना कळवण्यात आलं की उपास सुटला. मायने बहिणीकडून तो कागद तीनदा वाचून घेतला आणि मग माझ्यावर जे राज्य सुरू झालं, त्यापुढे डॉक्टर म्हणजे दयाळू माणूस. भात मुठीएवढा, आणि मूठ तिची, माझी नाही. बाजारातून ज्वारी आली, भाकरी आल्या. लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, वांगी, वालाच्या शेंगा, पातळ ताक. मोपेडची चावी तिने तांदळाच्या कोठीत टाकली, कारण तिकडे फिरकायची मला आता सोय नव्हती. कचेरीला पायी. कुणी विचारलं, काहून चालून राहिला, तर मायच वाटेवरच्या लोकांना आधी सांगून ठेवी, "त्याले साखर हाय, म्हणून चालून राहिला." लपवाछपवी तिला मान्य नव्हती. इतकी वर्षं न कळल्याने काय झालं ते तिने पाहिलं होतं.

धानकापणी चालू होती. रविवारी तिने मला विळा देऊन बांधीत उतरवलं. पहिल्या दिवशी मी वाकलो आणि सरळच होता येईना, तेव्हा कापणाऱ्या बाया ओळीने उभ्या राहून हसल्या. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या मागोमाग होतो. पाचव्या रविवारी एक भारा डोक्यावर घेऊन खळ्यापर्यंत पोचलो आणि मायने तो उतरवून घेताना माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी भाजी जास्त चांगली झाली होती.

भूक मात्र लागायची, भयंकर. एकदा कचेरीत मी आलूबोंडा हातात घेतला आणि तसाच बघत बसलो. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "खाऊन राहिला का दर्शन घेऊन राहिला?" मी तो त्याला देऊन टाकला. घरी येऊन मायला सांगितलं तर तिने डोक्यावरून हात फिरवला, जणू मी परीक्षेत पहिला आलो होतो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या दिव्यावर नळी निळ्याची किंचित हिरवी झाली आणि तिथेच थांबली. त्यांनी पुन्हा थोडा वेळ तापवून पाहिलं. माझं वजन त्र्याऐंशी होतं. "कसं केलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मायनं केलं." त्यांनी कागदावर सही केली, पण बजावलंही: ही साखर गेली नाही, दाराशी बसली आहे, आयुष्यभर बसेल, तुम्ही दार उघडू नका.

वैशाखात आसगावला लग्न लागलं. मांडवात माझा नवा सदरा सैल होत होता आणि सासऱ्यांना मी आधीपेक्षा बारीक दिसत होतो, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पंगत बसली. माय आत, कोठाराशी बसून होती. विधवा बाई तेव्हा लग्नात पुढे येत नसे, कुणी ये म्हणतही नसे. सासरे स्वतः बुंदीची परात घेऊन जावयाला वाढायला आले. मी नको म्हणालो. त्यांनी हसून ओंजळभर वाढली. मी पुन्हा नको म्हणालो, पाहुणे हसले, आणि ते दुसरी ओंजळ भरू लागले. नव्या जावयाने नको म्हणायचं आणि सासऱ्याने वाढायचं, हा रिवाजच होता, त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

तेवढ्यात पुरुषांच्या पंगतीतून, पत्रावळींच्या मधून, माय चालत आली. ती माझ्याजवळ वाकली आणि आपला पंजा माझ्या पत्रावळीवर उघडा धरला.

"पुरे झालं त्याले," ती म्हणाली.

सासरे गडबडले. "इहीनबाई, जावयाले वाढाले नाही म्हणाचं नसते."

"रागावू नोका, इवाई," माय म्हणाली. तिचा हात तसाच होता. "माह्या कपाळाचं कुंकू बत्तिसाव्या वर्सी गेलं, माह्याच हातच्या वाढण्यानं. तुमच्या पोरीचं राहू द्या."

सासऱ्यांनी हातातली बुंदी परातीत परत टाकली. मग त्यांनी मायला हात जोडले आणि पुढच्या पानाकडे वळले.